व्यसनाची केस आणि कुटुंब: पहिल्या फोनपासून केस बंद करेपर्यंत कामाचा क्रम

व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने आलेल्या समाजकार्यकर्त्यांची मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. ठरलेलं चित्र असं असतं: बायको किंवा आई पेशंटला ओढून आणते. कार्यकर्ता दोघांना समोर बसवतो, यकृतापासून मुलांच्या भवितव्यापर्यंत सगळं समजावून सांगतो. पेशंट मान खाली घालून म्हणतो, "आजपासून हात लावणार नाही." सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. आठवडाभरात तो एक तर फिट येऊन दवाखान्यात असतो, नाहीतर पुन्हा प्यायला लागलेला असतो. आणि घरच्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की काउन्सेलिंगचा काही उपयोग नसतो.

त्या एका बैठकीत तीन गोष्टी राहून गेलेल्या असतात. दारू अचानक बंद केल्यावर शरीराचं काय होईल, हे कुणी विचारलेलं नसतं. घरात मारहाण होते का, हे त्याच्यासमोर तिला सांगता आलेलं नसतं. आणि शपथ घेणाऱ्याची खरोखर किती तयारी आहे, हे तपासलेलं नसतं. खालचे टप्पे याच कारणाने असे लावले आहेत: आधी जीव, मग घरातली सुरक्षितता, मग घरच्यांचं वागणं, आणि त्यानंतर पेशंटचं मन.

बहुतेक उदाहरणं दारूची आहेत. इतर पदार्थांसाठी जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं लिहिलं आहे. पेशंटला "तो" म्हटलं असलं तरी बायकांची व्यसनं जास्त काळ लपून राहतात आणि मदतीला उशिरा पोचतात. घरचे "ती तर कधीतरीच घेते" म्हणाले, तर तेवढ्यावर थांबू नका.

## टप्पा 1: पहिली केस घेण्याआधी

हाताशी चार गोष्टी असल्याशिवाय केस घेऊ नका.

पहिली, पाठवण्याच्या ठिकाणांची यादी. विथड्रॉवलवर (नशा बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासावर) उपचार करणारे डॉक्टर किंवा मनोविकारतज्ज्ञ, चोवीस तास चालणारा इमर्जन्सी विभाग, हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी निवारा, बालसंरक्षण यंत्रणा, मोफत कायदेशीर सल्ला, आणि स्वमदत गटांच्या बैठकांच्या वेळा. कुणाकडून तरी मिळालेली यादी चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा. रात्री कोण उचलतं, प्यायलेल्या अवस्थेत पेशंटला घेतात का, सोबत कुणी लागतं का, हे विचारून लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या आईला दिलेला नंबर बंद लागला, तर ती तुम्हाला पुन्हा फोन करत नाही.

दुसरी, तपासणीच्या प्रश्नावल्या. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची आहे. गुण 0 ते 40 असतात. 8 किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात, आणि 20 किंवा त्याहून जास्त आले तर अवलंबित्वाचा संशय घेऊन पुढची तपासणी करतात. दारूबरोबर इतर पदार्थ असतील तर याच संघटनेची असिस्ट वापरा. प्रश्न मोठ्याने, बोलीभाषेत विचारायचा सराव सहकाऱ्यासोबत करा. कागदावरून वाचलेला प्रश्न चौकशीसारखा वाटतो आणि उत्तरही तसंच सावध येतं.

तिसरी, गोपनीयतेची चार वाक्यं, सोप्या भाषेत, छापलेली. काय गुप्त राहील, कुणाला काय सांगितलं जाईल, आणि कोणत्या तीन परिस्थितींत गुप्तता मोडावी लागेल: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, मुलावर अत्याचार.

चौथी, सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी वरिष्ठासोबत आपल्या केसेसवर ठरावीक वेळाने बोलणं. कुणाशी, किती दिवसांनी, हे आधीच ठरवा. तुमच्या स्वतःच्या घरात व्यसन होतं किंवा तुम्ही स्वतः त्यातून बाहेर आला आहात, तर ते सुपरवायझरला माहीत असू द्या. अशा अनुभवाचा कामात मोठा आधार होतो. पण आपण ज्या वाटेने सुटलो तीच सगळ्यांची वाट, असं वाटायला लागतं तेव्हा समोरचा माणूस नजरेआड होतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नंबरवर गेल्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः बोलला आहात का?

## टप्पा 2: पहिला फोन

पहिला फोन बहुधा पेशंटचा नसतो. तो करते बायको, आई, बहीण, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. ती म्हणते, "त्यांना समजावा हो कुणीतरी." इथे "घेऊन या, बघू" असं म्हणणं ही सर्वात जास्त होणारी चूक. तो आलाच नाही, तर मदत तिथेच संपते. फोन करणारी व्यक्ती हीच तुमची पहिली क्लायंट आहे; पेशंट आला नाही तरी तिच्यासोबत काम सुरू करता येतं.

या फोनवर एवढंच कळायला हवं:

1. आत्ता बोलणं सुरक्षित आहे का? तो शेजारी आहे का?
2. या घडीला कुणाच्या जिवाला धोका आहे का?
3. तो काय घेतो, किती, रोज घेतो का, आणि शेवटचं कधी घेतलं?
4. घरात लहान मुलं, आजारी किंवा वृद्ध माणसं आहेत का?
5. तुम्हाला कोणत्या वेळी आणि कशा प्रकारे फोन केलेला चालेल?

शेवटचा प्रश्न सहज वगळला जातो. तुम्ही भल्या हेतूने परत केलेला फोन नवऱ्याने उचलला, की त्या रात्री काय होईल हे आपल्या हातात राहत नाही. मेसेज पाठवायचा का, पाठवला तर नाव काय लावायचं, हे तिनेच सांगू दे.

फोन ठेवण्याआधी तिला एक गोष्ट ठामपणे सांगा: "ताई, आज रात्री त्यांची दारू बंद करायचा प्रयत्न करू नका. बाटली ओतून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवू." ऐकणारीला हे विचित्र वाटतं, म्हणून कारणही सांगा. ते पुढच्या टप्प्यात आहे.

## टप्पा 3: शरीराची तपासणी आणि पहिले चार दिवस

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली तर जीव जाऊ शकतो. समाजकार्यकर्त्याने औषध द्यायचं नसतं, पण धोका ओळखून वेळेत पाठवायचं असतं. म्हणून हे वेळापत्रक पाठ हवं.

शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वात जास्त. साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान डेलिरियम ट्रेमेन्स सुरू होऊ शकतो: माणूस वेळ-जागा विसरतो, नसलेले किडे किंवा माणसं दिसतात, ताप चढतो, नाडी वेगाने धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होऊ शकतो. घरचे तिसऱ्या दिवशी निर्धास्त होतात, "दोन दिवस काढले, आता सुटला" म्हणतात. नेमकी तीच वेळ जपायची असते.

विचारायचे प्रश्न:

- सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? ते थांबवायला प्यावी लागते का?
- आधी कधी बंद केली तेव्हा फिट आली होती? भास झाले होते?
- झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या सोबत घेतो का?
- जेवण किती दिवस नीट नाही? चालताना तोल जातो का, गोंधळतो का, डोळ्यांची हालचाल विचित्र वाटते का?

पहिल्या तीनपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर घरी बंद करायची नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आधी फिट येऊन गेली असेल तर पुढचं विथड्रॉवल जास्त जड जाण्याची शक्यता असते, त्यामुळे "मागच्या वेळी निभावलं होतं" हा दिलासा धरू नका. चौथ्या प्रश्नातली लक्षणं बी-1 जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची असू शकतात. मेंदूला कायमची इजा होण्याआधी थायमिनचं इंजेक्शन मिळावं लागतं, त्यामुळे हे दिसलं तर उद्याची अपॉइंटमेंट नको, आत्ता दवाखाना.

चिंतेच्या व झोपेच्या बेन्झोडायझेपाइन गोळ्यांचं असंच आहे. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात, एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते.

अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या वेदनाशामकांचं उलटं आहे. बंद केल्यावरचा त्रास माणसाला असह्य होतो, पण निरोगी प्रौढाचा जीव सहसा त्याने जात नाही. खरा धोका नंतर असतो. काही दिवस किंवा आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि त्याने जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर श्वास थांबू शकतो. डिटॉक्स (डॉक्टरांच्या देखरेखीखाली नशा शरीरातून उतरवणं) करून किंवा तुरुंगातून घरी आलेल्या माणसाच्या कुटुंबाला हे स्पष्ट शब्दांत सांगा. अशा ओव्हरडोसवर उतारा असलेलं नॅलोक्सोन हे औषध उपलब्ध असेल तर ते घरात ठेवायला आणि वापरायला शिकवा.

सावधान: "त्याला न सांगता जेवणात औषध कालवू का?" हा प्रश्न येतोच. उत्तर ठाम नाही. दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, असं काहीही होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. पेशंटला माहीत असून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांनी तपासल्यावरच ते द्यायचं असतं. गुपचूप दिल्याचं कळलं की विश्वासही संपतो.

## टप्पा 4: घरात धोका किती

हा टप्पा एकेकट्याला भेटून करायचा. बायको, आई, मुलं, पेशंट, सगळे वेगवेगळे. एकत्र बैठक याच्या आधी कधीच नाही.

मारहाण होते का, असं मोघम विचारलं तर "नाही हो" हेच उत्तर येतं. नेमकं विचारा: हात उगारला आहे का? गळा दाबला आहे का? वस्तू फेकतो का? घरात कोंडलं आहे का? मनाविरुद्ध शरीरसंबंध? मारून टाकीन अशी धमकी? गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी झाला असेल तरी तो जिवाच्या मोठ्या धोक्याचा इशारा समजा. जिथे हिंसा आहे तिथे नवरा-बायकोची एकत्र बैठक घेऊ नका. बैठकीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिच्यासोबत सुरक्षिततेचा आराखडा करा: कोणत्या खोलीत जायचं नाही, कागदपत्रं आणि थोडे पैसे कुठे ठेवायचे, कुणाच्या घरी जायचं, मुलांनी काय करायचं.

"दारू सुटली की मारणंही थांबेल" हे कुटुंबाला मनापासून वाटतं. दारूने हिंसा वाढते, हे खरं. पण न पितासुद्धा मारणारे असतात, आणि त्यांचं मारणं दारू सुटल्यावरही चालू राहतं. हिंसेवर वेगळं काम लागतं.

पेशंटला आणि घरच्यांनाही आत्महत्येबद्दल थेट विचारा: "आयुष्य संपवावं असे विचार येतात का? कसं करायचं हे ठरवलं आहे का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. योजना ठरलेली असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पोचवायचं. व्यसनात हा धोका खूप वाढलेला असतो. दारू सोडल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, शुद्धीवर येऊन नुकसान दिसायला लागतं तेव्हाही, तो असतोच.

तपासा: घरातल्या प्रत्येक मुलाशी, किंवा त्याच्याबद्दल दोन वेगवेगळ्या मोठ्या माणसांशी, बोलणं झालं आहे का?

## टप्पा 5: घरच्यांसोबतच्या बैठका

सर्वात जास्त वेळ इथे द्या. पेशंट अजून आलेला नसला तरी हा टप्पा सुरू होतो, आणि पुष्कळदा यामुळेच तो येतो.

रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेली क्राफ्ट ही पद्धत घरच्यांनाच प्रशिक्षण देते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 130 कुटुंबीयांना तीन पद्धतींत विभागलं होतं. क्राफ्टमध्ये 64 टक्के घरांतला पेशंट उपचाराला आला, सगळ्यांनी मिळून एकदम सामना करण्याच्या पद्धतीत 30 टक्के, आणि अल-अ‍ॅनॉन या दारुड्यांच्या घरच्यांसाठीच्या स्वमदत गटाकडे वळवलेल्यांत 13 टक्के. शेवटच्या आकड्यावरून अल-अ‍ॅनॉनला कमी लेखू नका. अल-अ‍ॅनॉनचं उद्दिष्ट घरच्यांना सावरणं हे आहे, पेशंटला उपचाराला आणणं नाही. तिथे जाऊन माणसं शांत झोपायला लागतात. पण "सगळे मिळून त्याला घेरा" हा सल्ला देताना मात्र दोनदा विचार करा.

### पांघरूण कमी करणं

पहिल्या बैठकीत एक तक्ता करा: गेल्या महिन्यात त्याच्या पिण्याचा कोणता परिणाम तुम्ही अंगावर घेतलात? यादी बहुतेक अशी निघते: कामावर "ताप आहे" म्हणून फोन केला, उधारी फेडली, तोडलेली वस्तू दुरुस्त केली, सासूला खोटं सांगितलं, उलटी पुसून कपडे बदलून पलंगावर झोपवलं. सकाळी तो उठतो तेव्हा रात्रीचा मागमूस राहिलेला नसतो. त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं.

यातली एकच गोष्ट निवडा, सर्वात सोपी आणि सर्वात कमी धोक्याची. उदाहरणार्थ कामावरचा फोन. ती थांबवण्याआधी, तो शुद्धीत असताना त्याला शांतपणे सांगायचं: "यापुढे सुट्टीचा फोन तू करायचा, मी करणार नाही." मग खरंच करायचा नाही. एका वेळी पाच गोष्टी बंद केल्या तर आठवडाभरात पाचही परत सुरू होतात, आणि तिचा शब्द पोकळ असतो एवढंच तो शिकतो.

सावधान: पांघरूण काढायचं, जीव धोक्यात घालायचा नाही. बेशुद्धीत उलटी होत असेल तर त्याला कुशीवर वळवायचंच. हाक मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर झाले असतील तर रुग्णवाहिका बोलवायची. त्याच्या नोकरीवर घर चालत असेल तर कामावरच्या फोनचाही हिशेब आधी तिच्यासोबत करा.

### बोलण्याची वेळ आणि वाक्य

प्यायलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री दहा वाजता कुणालाच आठवत नाही. म्हणून बैठकीत सराव करून घ्या. तुम्ही नवरा व्हा, तिला बोलू द्या.

तिचं नेहमीचं वाक्य असतं: "लाज वाटत नाही का, पोरं बघतायत!" वाक्य खोटं नाही, पण त्यावर तो एक तर भडकतो किंवा बाहेर निघून जातो. सरावानंतर, दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत असताना, ती असं म्हणू शकते: "परवा तू न पिता घरी आलास, मुलांचा अभ्यास घेतलास. मला फार बरं वाटलं. आज लवकर आलास तर आपण सगळे बाहेर जाऊ." आणि तो पिऊन आला तर: "आज तू प्यायला आहेस, मी आत जाते. सकाळी बोलू." भांडण नाही, जागरण नाही, विनवण्या नाहीत. न पिता काढलेली संध्याकाळ त्याला हवीहवीशी वाटली पाहिजे, आणि पिऊन आलेल्या संध्याकाळी त्याला श्रोता मिळता कामा नये. दोन्ही एकत्र चालवावं लागतं. नुसतं दुसरं केलं तर तो अबोला होतो, आणि अबोल्याचं निमित्त करूनही पिता येतं.

### उपचाराची गोष्ट काढायची कधी

तो स्वतःच हादरलेला असतो ते क्षण थोडे असतात: अपघात थोडक्यात चुकला, मुलीने बोलणं टाकलं, साहेबांनी ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे विचारायचं, "एकदा कुणाला तरी भेटून बघायचं का? मी सोबत येते." या क्षणासाठी तुमच्याकडे एक-दोन दिवसांत मिळणारी वेळ राखीव हवी. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली तर तोवर हादरा ओसरलेला असतो.

### मुलं

मुलांना हेर बनवू नका. "बाबांनी आज घेतली का ते सांग" हे काम कोणत्याही मुलाला देऊ नये, बाटली आणायला पाठवणं तर दूरच. त्यांना खरं सांगा, वयाला झेपेल एवढं: "बाबांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तुझ्या चांगल्या मार्कांनी तो बरा होणार नाही. भीती वाटली तर तू या व्यक्तीला फोन करायचा." त्या व्यक्तीचं नाव मुलाला सांगता आलं पाहिजे. घरात सगळ्यात शहाणं, समजूतदार म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्या मुलाकडे आधी बघा. घराचं ओझं बहुधा त्याने उचललेलं असतं.

## टप्पा 6: पेशंटसोबतची पहिली भेट

पहिल्या दहा मिनिटांत सोडण्याचा विषय काढू नका. त्याला घरच्यांनी आणलेलं आहे आणि तो भाषण ऐकायच्या तयारीने बसलेला आहे.

"बायकोने आणलं म्हणून आलोय."
"स्वतःहून यायचं नव्हतं, तरी आलात."
"रोजची कटकट. म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे."
"घरातल्या कटकटीचा वैताग आलाय. घरात शांतता हवी आहे तुम्हाला."
"हां. शांतता हवी."

इथे कार्यकर्त्याने सल्ला दिलेला नाही, पण कामाला धरायला एक धागा मिळाला: याला घरात शांतता हवी आहे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांच्या प्रेरणात्मक मुलाखतीचं तंत्र यावरच उभं आहे. प्रत्येक व्यसनी माणसात सोडायचं आहे आणि सोडवत नाही, असे दोन आवाज असतात. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली की त्याच्याकडे न सोडण्याचीच बाजू उरते, आणि तो ती मांडत बसतो. बदलाची कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत.

0 ते 10 चा प्रश्न वापरा: "दारू कमी करणं किंवा सोडणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं?" तो म्हणतो, "तीन." नवखा कार्यकर्ता विचारतो, "तीनच का? दहा का नाही?" आणि पेशंट अडचणी मोजायला लागतो. विचारायचं उलट: "तीन का, शून्य का नाही?" मग तो म्हणतो, "सकाळी खोकताना रक्त पडलं होतं एकदा." हे घरच्यांनाही माहीत नसतं. डॉक्टरांकडे पाठवण्याचं कारण त्याने स्वतःच दिलेलं असतं.

तो पिऊन आला तर सत्र घेऊ नका, पण हाकलूनही देऊ नका. धोका तपासा, गाडी चालवून जाणार नाही याची खात्री करा, दुसऱ्या दिवसाची वेळ द्या.

सावधान: शपथ, देवासमोरचं वचन, मुलाच्या डोक्यावर हात ठेवणं, यांना बैठकीत जागा देऊ नका. शपथ मोडली की माणूस अपराधीपणाने आणखी पितो आणि ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता त्या मुलाला वाटतं, आता आपल्याला काहीतरी होणार.

## टप्पा 7: उपचार ठरवणं

इथे तुमचं काम जोडून देण्याचं आहे. डिटॉक्स हा उपचाराचा फक्त आरंभ आहे, हे कुटुंबाला आधीच सांगा. नाहीतर दहा दिवसांनी घरी परतलेल्या माणसाला ते बरा झालेला समजतात. पुढे औषधं, समुपदेशन, स्वमदत गट, कामधंद्याची घडी, यातलं काय हवं ते पेशंट आणि डॉक्टरांसोबत ठरवा. दारूसाठी नॅल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेटसारखी, तर ओपिऑइडसाठी (अफू, हेरॉइन आणि त्या जातीचे पदार्थ) ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनसारखी औषधं आहेत. शेवटच्या दोन औषधांबद्दल "एक नशा सोडून दुसरी लावली" असं घरचे आणि कधी कधी कार्यकर्तेही म्हणतात. त्या समजापोटी औषध तोडलं गेलं तर ओव्हरडोसने मरण्याचा धोका वाढतो. घरातून औषध बंद करण्याचा निर्णय कुणी घ्यायचा नाही, हे लिहून द्या.

प्रौढ पेशंटच्या माहितीसाठी लेखी संमती इथेच घ्या: घरच्यांना काय सांगायचं, काय नाही. "तो येतो का, एवढं तरी सांगा" असा आईचा फोन येणारच आहे.

## टप्पा 8: घसरण गृहीत धरून तयारी

घसरण झाल्यावर तिचा आराखडा करता येत नाही. तो पेशंट व्यवस्थित असतानाच करायचा, आणि घरच्यांच्या उपस्थितीत. "घसरणीबद्दल बोललं की त्याला परवानगी मिळेल" ही भीती घरच्यांना असते. आग विझवायचं यंत्र भिंतीवर लावल्याने आग लागत नाही, असं मी त्यांना सांगते.

एका कार्डावर लिहून घ्या:

- माझी धोक्याची ठिकाणं, माणसं, वेळा. पगाराचा दिवस, भांडणानंतरची रात्र, एकटेपणा, आणि आनंदाचे प्रसंगसुद्धा.
- तलफ आली तर पहिला फोन कुणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कुणाला.
- प्यायलोच तर किती वेळात कुणाला सांगणार.
- घरच्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही.

एकदा पिणं आणि पूर्ण जुन्या वळणावर जाणं यात अंतर असतं. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मारलॅट यांनी दाखवलेली गोष्ट रोजच्या कामात सतत दिसते: एक पेग झाल्यावर माणूस स्वतःला सांगतो, "गेलंच सगळं, आता काय राहिलं," आणि खरी घसरण त्या विचारातून होते. म्हणून पहिल्या चोवीस तासांत ऐकू येणारं वाक्य महत्त्वाचं. "पुन्हा नाटक सुरू!" यापेक्षा "काल झालं ते झालं. आज काय करायचं ते बघू. कार्ड काढ." पिणं काही दिवस सलग चाललं असेल तर टप्पा 3 चे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारा. मागच्या वेळी सुखरूप बंद झाली होती, म्हणून आताही होईल असं नाही.

व्यसन सुटल्यानंतरही घर लगेच सुरळीत होत नाही, आणि याची कल्पना कुटुंबाला कुणी दिलेली नसते. इतकी वर्षं बायकोने पैसे, शाळा, नातेवाईक सगळं एकटीने सांभाळलेलं असतं. तो शुद्धीवर येतो आणि म्हणतो, आता निर्णय मी घेणार. ती दारात त्याच्या तोंडाचा वास घेते, तो चिडतो. दोघांचंही बरोबर असतं. एकेक जबाबदारी ठरवून, मुदत घालून त्याच्याकडे द्या. वास घेण्याऐवजी काय, हे दोघांकडून ठरवून घ्या, उदाहरणार्थ स्वमदत गटाच्या बैठकीला जातोय याची त्याने स्वतः दिलेली खबर. विश्वास बसायला त्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागेल, हे त्याला आधीच सांगा.

तपासा: कार्डावरचा दुसरा नंबर पेशंटने तुमच्यासमोर एकदा लावून बघितला आहे का?

## टप्पा 9: नोंदी, सीमा आणि केस बंद करणं

नोंद त्याच दिवशी लिहा, आणि मत नव्हे तर दिसलेलं लिहा. "पेशंट खोटारडा, सहकार्य नाही" ही नोंद पुढच्या कार्यकर्त्याच्या काही कामाची नाही. अशी लिहा: "स्वतःच्या सांगण्यानुसार शेवटचं सेवन काल रात्री 10 वाजता. पत्नीच्या सांगण्यानुसार आज सकाळीही. हात थरथरत होते. त्याच वेळी डॉक्टरांकडे पाठवलं, पत्नी सोबत." उद्या फिट आली तर डॉक्टरांना ही नोंद उपयोगी पडते.

सीमा पहिल्या भेटीतच सांगा. खासगी नंबर द्यायचा नाही, कामाचा नंबर कोणत्या वेळेत चालू असतो ते सांगायचं, आणि त्या वेळेबाहेर कुठे फोन करायचा तेही. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. हिंसेचा इतिहास असलेल्या घरी एकट्याने जायचं नाही. औषधाच्या डोसबद्दल मत द्यायचं नाही, कितीही वर्षं या कामात काढली असली तरी.

एखाद्या घराच्या फोनला बघूनच छातीत धस्स होत असेल, किंवा एखादी केस आपल्याशिवाय कुणीच सांभाळू शकणार नाही असं वाटत असेल, तर ती केस पुढच्या सुपरव्हिजनमध्ये सर्वात आधी काढा. पेशंट दगावला तर तो आठवडा संपायच्या आत सुपरवायझरसोबत बसा. या क्षेत्रातून माणसं बाहेर पडतात ती बहुधा अशा न बोललेल्या केसेसमुळे.

केस एकदम बंद करू नका. आठवड्याच्या भेटी पंधरवड्यावर, मग महिन्यावर, मग तीन महिन्यांवर न्या. शेवटच्या भेटीला पेशंट आणि घरचे दोघेही हवेत. कार्ड पुन्हा वाचा, नंबर बदलले असतील तर दुरुस्त करा, मुलांनी फोन करायची व्यक्ती अजून तीच आहे का ते विचारा. परत यावं लागलं तर कुणाला भेटायचं, तुम्ही तिथे नसाल तर कोण असेल, आणि परत येण्यासाठी नव्याने नाव नोंदवावं लागेल की जुनी फाइल चालेल, हे लिहून त्यांच्या हातात द्या. पेशंट मध्येच यायचा बंद झाला, तरी घरच्यांची केस त्याच्याबरोबर बंद करू नका. ती वेगळी फाइल आहे आणि तिच्या भेटी ठरल्याप्रमाणे चालू ठेवा.